काठीचं टोक

सोमवार, ४ मार्च

लेखन-रजेचा पहिला दिवस. आजपासून दैनंदिनी लिहायची ठरवलं आहे. मोठं काम हाती घेतलं की त्याची नोंद असलेली बरी.

काम असं: माझ्या म्हाताऱ्याच्या जन्माला शंभर वर्षं होताहेत. त्यानिमित्त जाडजूड ग्रंथ निघतोय आणि त्यातलं मुख्य प्रकरण माझ्याकडे आलं आहे, 'मन आणि आकलन यांच्या सिद्धांतांवरील प्रभाव'. म्हातारा म्हणजे माझा कुणी नातेवाईक नव्हे. तो तत्त्वज्ञ. मी शाळेत होतो तेव्हाच तो वारला, त्याला मी कधी पाहिलंही नाही. पण इतकी वर्षं कॉलेजात त्याच्यावर शिकवतोय, तेव्हा त्याला म्हातारा म्हणायचा हक्क मी कमावला आहे.

विभागप्रमुख बाई फोनवर म्हणाल्या, "सवडीनं लिहा. आधी तब्येत सांभाळा." तब्येतीला काय धाड भरली आहे? त्या दिवशी कॉलेजसमोरच्या चौकात ऊन फार होतं. रस्ता ओलांडताना मध्येच जरा थांबलो, तेवढ्यात सिग्नल बदलला, गाड्यांनी हॉर्न वाजवून कान किटवले आणि वाहतूक पोलिसानं हाताला धरून कडेला आणलं. एवढंच. लोकांनी त्याचा केवढा बाऊ केला!

बुधवार, ६ मार्च

टेबल खिडकीपासून हलवून भिंतीला लावलं. खिडकीतून फार लांबचं दिसतं, लक्ष विचलित होतं.

सुरुवात झकास जमली. म्हाताऱ्याच्या आधी लोक असं धरून चालत की मन म्हणजे कवटीच्या कचेरीत बसलेला एक कारकून. डोळे आणि कान या कचेरीच्या खिडक्या. तिथून कागद आत येतात, कारकून ते वाचतो, डोकं खाजवतो आणि हातापायांना हुकूम सोडतो. म्हाताऱ्यानं या कारकुनाला नारळ दिला. तो म्हणाला, आत कुणी बसलेलंच नाही. विचार हात करतो, समोरचं टेबल करतं, पायाखालची वाट करते. त्याचं आवडतं उदाहरण आंधळ्याच्या काठीचं. काठीनं चालणाऱ्या माणसाला खड्डा तळहातात जाणवत नाही, काठीच्या टोकाशी जाणवतो. मग त्या माणसाचं मन कुठे संपतं? मुठीत की टोकाशी?

हे मी दर वर्षी शिकवतो आणि बायको दर वर्षी हसते. नजर गेलेल्या माणसांना काठी घेऊन चालायला शिकवणं हाच तिचा व्यवसाय आहे. आमची ओळखसुद्धा माझ्या व्याख्यानात झाली. शेवटी कुणाचे प्रश्न आहेत का विचारलं तर ती उठली आणि म्हणाली, "सर, काठी कधी हातात धरलीय का?" सगळं सभागृह खो खो हसलं. पुढे मी तिच्याशी लग्न केलं. काठी मात्र धरली नाही.

शनिवार, ९ मार्च

मास्तरीण आज पायातल्या चपलाही न काढता आत आली, इतकी खूश. (मी तिला मास्तरीण म्हणतो, ती मला प्राध्यापक.) तिच्या संस्थेचं दुसऱ्या शहरात नवं केंद्र निघतंय आणि ते तिच्या हाती दिलं आहे. एक एप्रिलपासून. तिनं तिथे घरही बघून ठेवलंय. फोनवर फोटो दाखवला. दोन खोल्या, मोठी खिडकी. "तुझं टेबल इथे बसेल," म्हणाली.

मी म्हटलं, "छान. प्रकरण संपलं की येतोच."

"प्रकरण तिथे बसून लिहिता येत नाही?"

मी तिला नीट समजावून सांगितलं. कुठलं पुस्तक कुठे आहे हे मला आठवतच नाही, माझ्या हाताला आठवतं. म्हाताऱ्याच्या हिशेबानं माझं मन या खोलीभर पसरलेलं आहे. उठून गेलो तर निम्मं इथेच राहील.

ती फोटोकडे बघत बसली. मग म्हणाली, "म्हाताऱ्यानं काठी बाहेर पडायला दिली होती, का घरात बसायला?"

तात्त्विक चर्चेत चिडायची तिला सवय आहे.

बुधवार, १३ मार्च

म्हाताऱ्याचा सर्वांत मोठा प्रभाव तत्त्वज्ञांवर पडलाच नाही, पडला तो यंत्रमानव बनवणाऱ्यांवर. आज तो भाग लिहिला. आधीचे लोक यंत्राच्या डोक्यात अख्ख्या खोलीचा नकाशा भरायचे. यंत्र एक पाऊल टाकायचं आणि खोलीच्या मधोमध उभं राहून पुढच्या पावलाचा हिशेब करत बसायचं. कुणी खुर्ची सरकवली की हिशेब पहिल्यापासून. मग म्हातारा वाचलेले काही लोक आले. त्यांनी नकाशा फेकून दिला आणि जमीन चाचपणारे पाय दिले. यंत्र धडपडलं, पण चाललं.

मधोमध उभं राहिलेल्या यंत्राबद्दल लिहिताना घाम फुटला. पंखा वाढवला.

पेपरवाला हल्ली पेपर दारापासून फार लांब, जिन्याच्या तोंडाशी टाकतो. सांगायला हवं त्याला. आज पेपर वाचायचा राहिला. कचरा खाली न्यायचं कामही आता मास्तरणीनंच घेतलं आहे. तेवढाच तिला व्यायाम.

रविवार, १७ मार्च

मास्तरणीचा एक मित्र चहाला आला होता. डॉक्टर आहे म्हणे, कसला ते विचारायचं राहून गेलं. माणूस गोड, पण प्रश्न भलतेच. झोप लागते का? छातीत धडधडतं का? शेवटचं बाहेर कधी गेला होता? मी त्याला म्हटलं, 'बाहेर' आणि 'आत' हा भेदच म्हाताऱ्यानं निकालात काढला आहे. मग त्याला तासभर सगळं समजावलं. तो मान डोलावत होता आणि मास्तरीण कपाच्या कानाशी चाळा करत होती.

जाताना त्यानं माझा हात दोन्ही हातांत धरला आणि म्हणाला, "हे बरं होतं. पुष्कळ लोकांचं होतं." काय बरं होतं? त्याला फारसं कळलं नसावं. तत्त्वज्ञानात कच्चा आहे, पण पुन्हा यायला माझी हरकत नाही.

बुधवार, २० मार्च

मास्तरणीनं प्रकरण वाचलं. समासात एकच खूण केली आहे. 'काठी धरणाऱ्याला काठी जाणवत नाही' या वाक्यापाशी.

"हे कोण म्हणतं?"

"म्हातारा."

"मग म्हाताऱ्याला सांग, आधी काठीच जाणवते. मनगट भरून येतं, मूठ घामेजते. काठी कशाला तरी अडते आणि लोक मला शिव्या घालतात. जाणवेनाशी होते ती फार पुढे. आणि कुणाकुणाची होतच नाही, तेही लिही. माझ्याकडे शिकणाऱ्या दोन जणांनी सोडून दिलं गेल्या वर्षी. मीच घाई केली होती."

मग तिला बोलायची लहर आली. शेवटच्या परीक्षेबद्दल सांगत होती. शिकणाऱ्याला एकट्याला रस्त्यावर सोडतात. गाड्यांच्या आवाजावरून चौक ओलांडायचा: आडव्या गाड्या थांबल्या आणि बाजूच्या सुटल्या की निघायचं. शिकवणारा मागे असतो, पण नसल्यासारखा. ती किल्ल्यांचा जुडगा रुमालात गुंडाळते म्हणे, वाजू नये म्हणून. माणूस अडला तरी हात द्यायचा नाही. "आणि त्यानं मागे बघायचं नाही," मी म्हटलं. "आंधळाच तो, बघून काय करणार?" ती म्हणाली, आणि दोघंही हसलो. किती दिवसांनी हसलो.

मग तिनं मला भिंतीला उभं करून टेप लावली. नव्या घरात कपाट कुठवर येईल ते बघायचं होतं. कपाट माझ्या छातीपर्यंतच येतं म्हणे. असलं बुटकं कपाट काय कामाचं!

शनिवार, २३ मार्च

घर रिकामं होतंय. ती फक्त तिच्या वस्तू बांधते, पण वस्तूंना काय ठाऊक कोण कुणाची? चमच्यांच्या खणात हात घातला तर हात रिकाम्या जागी आपटला. आरशासमोर कंगवा नाही. प्रत्येक खोक्याबरोबर कुणीतरी माझ्यातलंच काहीतरी भरून दोरीनं आवळतंय असं वाटतं. मला फार वाईट वाटलं आणि मी चिडलो. ओरडलोच. "तू निघालीस ते निघालीस, माझं घर का मोडतेस?"

ती खोक्यावर बसली. "हे घर नाही राहिलेलं. आधी तू फाटकाबाहेर जाईनास. मग जिना उतरेनास. मग गॅलरी. आता खिडकीकडे पाठ करून बसतोस. मी ऑफिसातून येते तेव्हा मला दाराशी श्वास घ्यायला उभं राहावं लागतं, माहितेय?"

"धूळ येते गॅलरीत."

"हो. धूळ."

ती ऑफिसला गेल्यावर मी मुद्दाम पेपर आणायला बाहेर पडलो. उंबरा ओलांडला. जिना नेहमीपेक्षा खोल दिसला आणि पायांना मुंग्या आल्या. परत आलो. चप्पल जुनी झाली आहे, घसरते.

गुरुवार, २८ मार्च

प्रकरण शेवटच्या परिच्छेदावर येऊन अडलं आहे. म्हाताऱ्यावरचा एक जुना आक्षेप आहे आणि त्याला उत्तर दिल्याशिवाय संपवता येत नाही. मन जर वस्तूंत आणि जागांत पसरलेलं असेल, तर माणूस त्या जागेचा कैदीच नाही का? कवटीतून कारकुनाला काढलं आणि खोलीत कोंडलं, यात म्हाताऱ्यानं त्याला सोडवलं कुठे?

पाचदा लिहिलं, पाचदा खोडलं. टेबलापासून दारापर्यंत आणि दारापासून टेबलापर्यंत फेऱ्या मारतो. भिंती जवळ येतात असं लोक म्हणतात ते चूक आहे. भिंती जागच्या जागीच असतात आणि तेच सहन होत नाही.

संध्याकाळी मास्तरीण म्हणाली, "रविवारी सकाळी दहाची गाडी."

मी म्हटलं, "एकदा सरळ म्हण की, चल."

"नाही म्हणणार. आमच्या कामात कुणाला ओढत नाहीत. आपलं कोपर पुढे करायचं. धरायचं की नाही ते त्यानं ठरवायचं." ती भांडी घासत होती, पाठमोरी. "मी महिनाभर कोपर पुढे करून उभी आहे रे. हात भरून आला माझा."

मी भांडी पुसली.

शनिवार, ३० मार्च

तिच्या बॅगेचं एक चाक भयंकर कुरकुरतं. म्हटलं, आण, तेल घालतो. तेवढं तरी करावं.

"राहू दे," ती म्हणाली. "कुरकुरू दे."

रविवार, ३१ मार्च

सगळं क्रमानं लिहितो.

ती सकाळी निघाली. दारात उभी राहून म्हणाली, "फाटकापर्यंत येतोस?" मी म्हटलं, "चप्पल नाही सापडत." चप्पल आमच्या दोघांच्या मध्ये पडली होती. तिनं चपलेकडे पाहिलं, मीही पाहिलं. मग "बरं" म्हणाली आणि गेली. बॅग धडधडत जिना उतरली, खाली फाटक वाजलं. मी दार लावलं आणि दाराला टेकून रडलो.

दाराच्या मागे खुंटीवर पांढरी काठी लटकत होती. शेजारी तिच्या वर्गातली काळी पट्टी, अंधुक दिसणाऱ्यांच्या डोळ्यांवर बांधायची. ही बाई काठीच विसरली! उद्या नव्या केंद्राचा पहिला दिवस आणि मास्तरीण काठीशिवाय! फोन लावला, तिनं उचलला नाही. शिवाय काठी संस्थेची मालमत्ता. ती पोचवायलाच हवी होती. चप्पल घातली आणि निघालो.

जिन्याच्या तोंडाशी पुन्हा तेच. जिना खोल खोल गेला, पायांना मुंग्या आल्या, छातीत ढोल वाजू लागला. तेव्हा मी डोळे मिटले. मिटल्याबरोबर जिना गेला. उरली फक्त एक पायरी आणि तीसुद्धा काठी टेकली तरच. डोळे आपोआप उघडतील म्हणून पट्टी बांधून टाकली. सरळ उभा राहिलो तर काठी बरोबर छातीपाशी आली. मास्तरीण माझ्याहून चांगलीच बुटकी आहे, हे तेव्हा लक्षात यायला हवं होतं.

रस्त्यावर आधी नुसती काठीच होती. मूठ घामेजली, मनगट भरून आलं. काठी फरशीच्या फटीत अडून पोटात बसली आणि मी मास्तरणीला शिव्या घातल्या. काठी डावीकडे तेव्हा पाय उजवा, काठी उजवीकडे तेव्हा पाय डावा. लग्नापासून ऐकतोय हे. कोपऱ्यावरच्या दुकानातल्या साबणाचा वास आला, आणि तिथून जरा पुढे काठी नाहीशीच झाली. हातात होती, पण जाणवेना. जाणवत होती ती खडी, गटाराचं झाकण, फुटपाथची कड. तिथे, टोकाशी. इतकी वर्षं जे फळ्यावर लिहिलं ते खरं निघालं म्हणून मी भर रस्त्यात हसलो. काठीच्या टोकापलीकडे जग नव्हतंच. माझ्या खोलीहूनही लहान अशी एक खोली माझ्या पुढे चालत होती.

मागे कुठेतरी एक चाक कुरकुरत होतं. मी थांबलो की थांबायचं. म्हटलं, बॅगा हल्ली सगळ्या सारख्याच.

मग चौक आला. तोच. हॉर्न वाजले आणि पाय जमिनीला चिकटले. कुणीतरी हात धरेल म्हणून मी उभा राहिलो. कुणी धरला नाही. मागे अगदी जवळ कुणीतरी श्वास आत ओढला आणि रोखून धरला. तो श्वास मी रोज रात्री शेजारी ऐकतो. तेव्हा कळलं.

मागे बघितलं नाही. परीक्षेत बघायचं नसतं. आडव्या गाड्या थांबल्या, बाजूच्या सुटल्या. मी चालत पलीकडे गेलो.

पलीकडच्या फुटपाथवर चाक माझ्या शेजारून पुढे गेलं. मी थांबलो. या वेळी ते थांबलं नाही. कुरकुरत लांब जायला लागलं, तेव्हा मी त्याच्या मागे गेलो, बस स्थानकापर्यंत.

"पट्टी काढ," ती म्हणाली. काढली. तिचं नाक लाल झालं होतं. "पोचलास."

"तुझी काठी राहिली होती घरी."

"ती तुझ्या मापाची आहे, प्राध्यापक. माझी मी घेतलीय."

"आणि गाडी दहाची होती ना?"

"अकराची. दहा मी तुला सांगितली होती."

गाडी लागली. तिनं बॅग आत दिली, पायरीवर चढली आणि वळून कोपर पुढे केलं. आत माणसं खचाखच होती, खिडक्या बंद होत्या, दार एवढंसं. ड्रायव्हरनं हॉर्न दिला.

मी धरलं नाही. इतके दिवस ऊन, धूळ, चप्पल आणि प्रकरण अशी कारणं लिहीत आलो. ते सगळं खोटं. मला भीती वाटते. चौकात वाटली, जिन्यात वाटली, गाडीच्या दाराशी तर इतकी वाटली की तोंडातून 'थांब' एवढंही निघालं नाही.

तिनं कोपर खाली घेतलं. रागावली नाही, रागावली असती तर बरं झालं असतं. म्हणाली, "आता परत जाताना मागे कुणी नसतं. हा भाग आम्ही आधी सांगत नाही कुणाला. सांगितला तर कुणी निघतच नाही." गाडी गेली.

मी बाकावर बसून राहिलो. मागे घर होतं, पुढे गाडीची रिकामी जागा, आणि मी दोन्हीकडे जाऊ शकत नव्हतो. ऊन पायांवर आलं तेव्हा उठलो. चौकात पट्टी बांधून उभा राहिलो आणि सवयीनं कान मागे लावला. चाक नव्हतं. त्या चौकात मी बराच वेळ होतो. किती ते माहीत नाही. दोनदा सिग्नल मिळूनही निघालो नाही, तिसऱ्यांदा निघालो.

घरी येऊन दार लावलं आणि तिथेच जमिनीवर बसलो. ती पोचल्याचा फोन आला तेव्हाही जमिनीवरच होतो. मी सांगितलं, "आलो घरी. एकटा." मग ती म्हणाली, "टेबल मावतंय इथे. मोजलं मी."

प्रकरणाचा शेवटचा परिच्छेद अजून कोराच आहे. विभागप्रमुख बाईंना उद्या कळवेन की उशीर होईल आणि का होईल तेही सांगेन. अकराची गाडी रोज असते. पाकीट शर्टाच्या खिशात ठेवलं आहे. उद्या जमेल असं मी म्हणत नाही. उद्या कदाचित फाटकापर्यंतच जमेल.

काठी मात्र घरात आणलेली नाही. मुद्दाम दाराबाहेर, जिन्याच्या कठड्याला टेकवून ठेवली आहे. म्हाताऱ्याचं म्हणणं खरं असेल तर आज रात्री मी सगळाच्या सगळा काही या खोलीत झोपणार नाही. थोडासा बाहेर असेन, जिन्यात.